खाटीक पक्ष्याचा रोजा

माळावर बाभळीच्या काट्याला एखादा टोळ किंवा सरड्याचं पिल्लू टोचून ठेवलेलं दिसलं, तर खाटीक पक्षी जवळच कुठंतरी आहे असं समजावं. साधारण बुलबुलाएवढा, डोळ्यावरून ओढलेला काळा पट्टा, टोकाला आकड्यासारखी वळलेली चोच. पंजात ससाण्याची ताकद नाही, म्हणून भक्ष्य काट्याला अडकवायचं, फाडून खायचं आणि उरलेलं तिथंच टांगून ठेवायचं. हा थाट बघून मराठीनं त्याला नाव दिलं. अरबीत त्याला ‘सुरद’ म्हणतात. जुन्या अरबी ग्रंथांत याच पक्ष्याला ‘सव्वाम’ असंही एक विशेषण लागलेलं आहे. सव्वाम म्हणजे पट्टीचा रोजेदार. आपला खाटीक तिकडे व्रतस्थ!

हे विशेषण आलं एका कथेतून. मुहर्रमच्या दहाव्या दिवसाचा, म्हणजे आशुराचा रोजा सगळ्यात आधी ठेवणारा पक्षी हा सुरद, अशी ती कथा. १४व्या शतकात कैरोतल्या कमालुद्दीन दमीरींनी प्राण्यांचा मोठा कोश लिहिला, त्यातही सुरदच्या नोंदीत ती येते. हदीसच्या, म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या वचनांच्या, जाणकारांनी मात्र ती विश्वासार्ह मानली नाही, काहींनी तर सरळ बनावट ठरवली. दमीरींच्याच काळातले दमिश्कचे विद्वान इब्न रजब अशाच आणखी आठवणी सांगतात. बगदादमधले फतह इब्न शख्रफ नावाचे साधुपुरुष रोज मुंग्यांना भाकरीचा चुरा घालत. आशुराच्या दिवशी मुंग्या त्या चुऱ्याला तोंड लावत नसत म्हणे.

असल्या गोष्टी ऐकायला छान वाटतात, पण त्यांच्यावर काही उभं करता येत नाही. प्रश्न मात्र उरतो. रमजानमध्ये प्रत्येक घरातलं एखादं पोर तो विचारतंच: मांजर रोजा ठेवते का? अस्वल सगळा हिवाळा उपाशी झोपतं, तो रोजा का? मोठी माणसं बहुधा ‘गप, खजूर खा’ म्हणून विषय संपवतात. पण या प्रश्नात शिरलं की रोजा म्हणजे नेमकं काय, हे जेवढं उलगडतं तेवढं पुष्कळ प्रवचनांतूनही उलगडत नाही.

शब्द आधी घोड्याचा

आपण म्हणतो तो ‘रोजा’ फारसी, ‘रोज’ म्हणजे दिवस यावरून आलेला. कुरआनातला शब्द आहे ‘सौम’ किंवा ‘सियाम’, आणि त्याचा मुळातला अर्थ उपास असा नाही. थांबणं, स्वतःला आवरून धरणं, हा त्याचा गाभा. अरबी कोशकार हा शब्द समजावताना हमखास घोड्याचं उदाहरण देतात. चाऱ्याला तोंड न लावता, जागचा न हलता उभा असलेला घोडा म्हणजे ‘साइम’. नाबिगा जुबयानी या इस्लामपूर्व काळातल्या कवीची एक ओळ त्यासाठी पुन्हा पुन्हा सांगितली जाते. लढाईची धूळ उसळलेली आहे, तिच्याखाली काही घोडे सौम धरून उभे आहेत, काही तसे नाहीत, आणि काही नुसते लगाम चघळतायत. वारा पडला तरी हाच शब्द, भर दुपारी सूर्य डोक्यावर थबकल्यासारखा वाटतो तेव्हाही हाच.

कुरआनातही हा जुना अर्थ एका ठिकाणी जिवंत आहे. हजरत मरियम बाळाला घेऊन लोकांसमोर जाणार असतात, तेव्हा त्यांना सांगितलं जातं की कुणी दिसलं तर सांग, मी रहमानसाठी सौमचा नवस केला आहे, आज मी कुठल्याही माणसाशी बोलणार नाही. त्याच आयतीच्या, म्हणजे कुरआनातल्या त्याच वचनाच्या, सुरुवातीला त्यांना खायला-प्यायला सांगितलेलं आहे. म्हणजे पोट भरलेलं, आणि सौम जिभेचा. आपल्याकडच्या मौनव्रतासारखंच हे.

तेव्हा जनावरांना सौम असतो का, हा प्रश्न विचारताना एवढं लक्षात ठेवावं की कोशकारांच्या हिशेबानं हा शब्द जनावराला केव्हाच लागलेला होता.

प्रत्येकाची आपली नमाज

कुरआन प्राण्यांना कमी लेखत नाही. सूरह अनआम या अध्यायात म्हटलं आहे की जमिनीवर वावरणारे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समाज आहेत. तिथला मूळ शब्द ‘उमम’, उम्मतचं अनेकवचन. सूरह नूरमध्ये पंख पसरलेल्या पक्ष्यांचा उल्लेख करून म्हटलं आहे की प्रत्येकाला आपली नमाज आणि आपली तस्बीह, म्हणजे स्तुतिजप, ठाऊक आहे. दुसऱ्या एका जागी बजावलं आहे की सगळे जीव स्तुती करतात, पण त्यांची स्तुती तुम्हाला समजत नाही.

नमाज आहे, तस्बीह आहे. प्राण्यांच्या रोज्याचा उल्लेख कुठंच नाही. काही उत्साही वक्ते ‘तुमच्या आधीच्यांवर रोजे फर्ज (बंधनकारक) केले होते तसे तुमच्यावरही केले’ ही आयत ओढूनताणून अस्वल-पेंग्विनांपर्यंत नेतात. ते मला पटत नाही. जुने भाष्यकार ‘आधीचे’ म्हणजे आधीच्या पैगंबरांचे अनुयायी, असाच अर्थ लावतात.

धर्मशास्त्रात, म्हणजे फिकहमध्ये, प्राणी ‘मुकल्लफ’ नाहीत. ज्याच्यावर जबाबदारी टाकता येते आणि ज्याला जाब विचारता येतो, तो मुकल्लफ. त्यासाठी अक्कल लागते, वयात येणं लागतं. लहान मूल मुकल्लफ नाही, भान हरपलेला माणूस नाही, तसंच जनावरही नाही. आणि रोज्याला ‘नियत’ लागते, म्हणजे मनाशी केलेला इरादा. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. त्यांच्या शास्त्रात रमजानच्या प्रत्येक रोज्याची नियत आदल्या रात्रीच, उजाडण्याआधी करावी लागते. सेहरी, म्हणजे पहाटेचं खाणं, चुकली तरी चालते, पण रात्रीच्या नियतीशिवाय दिवसभर उपाशी राहिलं तर तो फर्ज रोजा धरला जात नाही.

म्हणजे शास्त्राच्या बाजूनं उत्तर सरळ आहे. प्राणी रोजा ठेवत नाहीत. पण ते उपाशी तर राहतात, आणि असे राहतात की माणसानं तोंडात बोट घालावं.

एकशे पंधरा दिवस

अंटार्क्टिकावरचा सम्राट पेंग्विन घ्या. मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि खाण्यासाठी समुद्राकडे निघून जाते. नर ते पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, ऐन हिवाळ्यात सुमारे ६५ दिवस उभा असतो. त्याआधी जोडी जमवण्याचे दिवसही बिनअन्नाचेच गेलेले. सगळे मिळून जवळपास ११५ दिवस. परततो तेव्हा त्याचं वजन चाळीस टक्क्यांनी घटलेलं असतं.

हे कसं जमतं याचा अभ्यास फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या इव्हॉन ल माओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांना या उपासाचे तीन टप्पे दिसले. पहिला टप्पा छोटा: शरीर हाताशी असलेली साखर संपवतं आणि खर्चाची घडी बदलतं. दुसरा लांबलचक: चरबी जळते, स्नायूंना जवळपास धक्का लागत नाही. चरबी आटत आली की तिसरा टप्पा सुरू होतो. आता शरीर स्वतःचे स्नायू मोडून खाऊ लागतं आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक चढतं. अशा वेळी मादी परतली नसेल, तर ज्या अंड्यासाठी एवढं सगळं सोसलं ते अंडं टाकून नर समुद्राची वाट धरतो. जीव संपेपर्यंत तो उभा राहत नाही.

याला फिकहमध्ये शब्द आहे, ‘जरूरत’. जिवावर बेतेल अशी वेळ आली तर रोजा मोडायची परवानगी आहे. नुसती परवानगीही नाही, मरणाची खरी भीती असेल तर मोडणं बंधनकारक आहे. ‘आपल्या हातांनी स्वतःला नाशात लोटू नका’ ही आयत त्यासाठी पुढे केली जाते. पेंग्विनला हे कुणी शिकवलं नाही, त्याच्या रक्तातच गजर लावलेला आहे. माणसाचा गजर बेभरवशाचा. तो हट्टानं, लाजेखातर, लोक काय म्हणतील म्हणूनही उपाशी राहू शकतो, म्हणून त्याला हुकूम लिहून द्यावा लागला.

याच मोजपट्टीवर रमजानचा रोजा ठेवून पाहा. मुंबई-रत्नागिरीकडे हिवाळा सरता सरता येणारा रोजा साधारण १३ तासांचा. एवढ्या वेळात माणसाच्या यकृतातला साखरेचा साठाही धड संपत नाही, चरबीकडे वळण्याची नुसती सुरुवात होते. पेंग्विनच्या हिशेबात आपण पहिला टप्पाही पुरा केलेला नसतो. जो कुणी रोज्याकडे शरीराची अचाट कसरत म्हणून पाहतो, त्याला प्राण्यांचं जग हसेल. रोज्यातलं अवघड काय ते दुसरीकडेच आहे. त्याकडे येतोच.

इथंच दोन गैरसमजांचा निकाल लावून टाकतो, कारण रमजान आला की आणि एरवीही ते मोबाइलवर येऊन धडकतात. पहिला गरुडाचा. चाळिसाव्या वर्षी गरुड डोंगरावर जातो, चोच दगडावर आपटून पाडतो, दीडशे दिवस उपाशी राहून नवी चोच आणि नव्या नख्या मिळवतो आणि आणखी तीस वर्षं जगतो. साफ खोटं. चोच आणि नख्या आपल्या नखांसारख्या सतत वाढतात आणि झिजतात. चोच मुळापासून गेलेला गरुड उपाशी मरतो. दुसरा गैरसमज नोबेलचा: ‘रोज्याचे फायदे सिद्ध केले म्हणून जपानी शास्त्रज्ञाला नोबेल’. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं हे खरं. पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरते, त्या प्रक्रियेची यंत्रणा त्यांनी उलगडली. पण त्यांनी उपाशी ठेवलं होतं ते यीस्टला, पाव फुगवायला वापरतो त्या बुरशीला. तेही नायट्रोजनवाचून. रमजानचा त्यात संबंध नाही, आणि रोज्याला कुणाच्या नोबेलचा टेकू लागावा अशी त्याची अवस्थाही नाही.

प्राणी जिथं उपाशी, माणसाला तिथं सूट

सूरह बकरामध्ये रोज्याचा हुकूम येतो आणि लगोलग सूटही येते. आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्यानं ते दिवस नंतर भरून काढावेत. अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवं आहे, अवघड नको, हे वाक्यही तिथलंच. गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला सूट हदीसमधून मिळाली. आजारी, प्रवासी, आई. ही यादी डोक्यात ठेवून प्राण्यांकडे पाहिलं तेव्हा मी थोडा चकित झालो, कारण प्राण्यांचे मोठे मोठे उपास नेमके याच तीन जागी आहेत.

प्रवासी घेऊ. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा हा चिखलात चोच खुपसून किडे वेचणारा पक्षी, हिवाळ्यात थोड्या संख्येनं आपल्या किनाऱ्यावरही येतो. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अलास्कातून निघालेलं, जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू ११ दिवस न थांबता उडत राहिलं आणि टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर. वाटेत पॅसिफिक महासागर, त्यामुळे उतरायची सोय नाही आणि खायचीही नाही. निघण्याआधी हे पक्षी इतकं खातात की वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चरबीच होते. मग आतडी, यकृत, पेषणी हे अवयव आकसून लहान होतात. वाटेत जेवण नाही, तर स्वयंपाकघराचं ओझं कशाला वाहायचं?

उलट एखाद्याला प्रवासच नसेल तर? हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या समुद्रात पोटभर खातात, विणीसाठी उबदार पाण्यात येतात आणि तिथं महिनोन्‌महिने जवळपास काहीच खात नाहीत. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र ध्रुवाकडे जातच नाहीत. पावसाळी वाऱ्यांनी ओमानच्या किनाऱ्यावर खोलातलं थंड, सकस पाणी वर येतं, मासळी माजते आणि यांना घरबसल्या वर्षभर जेवण मिळतं. हालचाल करतात, नाही असं नाही. ओमानमध्ये खूण लावलेली ‘लुबान’ नावाची एक मादी २०१७ साली अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याजवळ आली होती. पण ध्रुवाची वारी नाही, म्हणून तसला उपासही नाही.

आई. कॅनडातल्या हडसन उपसागराकाठी समुद्राचा बर्फ वितळला की ध्रुवीय अस्वलांना सील मिळत नाहीत. गाभण मादी सरळ बिळात शिरते, तिथंच विते, पिल्लांना पाजते, आणि पुन्हा बर्फावर जाईपर्यंत सुमारे आठ महिने तिच्या पोटात अन्न गेलेलं नसतं. आपल्याकडची अजगरीण अंड्यांभोवती वेटोळं घालून दोनेक महिने बसते, अंग थरथरवून त्यांना ऊब देते आणि त्या काळात शिकारीला जात नाही. माणसाच्या आईला इस्लाम म्हणतो, तू खा. शाफई शास्त्र तर असंही सांगतं की स्वतःच्या नव्हे, केवळ बाळाच्या काळजीनं तिनं रोजा सोडला असेल, तर तो नंतर भरून काढण्याबरोबर दिवसामागे एका गरिबाला ठरलेलं धान्यही द्यावं. हनफी या दुसऱ्या पंथाचं शास्त्र नुसतं भरून काढण्यावर थांबतं.

आजारी. ताप आलेलं वासरू वैरणीकडे बघत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. १९७९च्या एका प्रयोगात जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना बळेच भरवलं, तर ते जास्त मेले. २०१६ साली येल विद्यापीठात रुस्लान मेदझितोव यांच्या प्रयोगशाळेत यातली आणखी एक गुंतागुंत दिसली: जिवाणूंच्या आजारात साखर भरवणं घातक ठरलं, फ्लूच्या विषाणूत मात्र भरवल्यानं फायदा झाला. म्हणजे ‘आजारपणात लंघन’ हा सरसकट नियम नाही. तिरमिजींच्या हदीससंग्रहात एक वचन आहे, आजाऱ्यांवर खाण्यापिण्याची बळजबरी करू नका असं सांगणारं. सूट म्हणजे खाण्याची सक्ती नव्हे, हा त्यातला बारकावा.

आणखी एक. दोन रोज्यांच्या मधे काहीच न खाता-पिता सलग उपास करण्याला ‘विसाल’ म्हणतात, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना त्यापासून रोखलं. सेहरी करा, तिच्यात बरकत आहे, आणि सूर्य मावळला की इफ्तारला उशीर करू नका, ही शिकवण. पेंग्विन, अजगर, अस्वल हे सगळे विसालवाले. उंटही त्यातलाच. पाण्यावाचून वजनाच्या चतुर्थांशाहून अधिक घट सोसतो आणि मग एका दमात शंभरएक लिटर पितो. उंट कसा घडवला आहे ते पाहत नाहीत का, असं कुरआन विचारतं. पाहा म्हणतं, त्याच्यासारखं करा म्हणत नाही.

पक्ष्यांचं तर वेळापत्रकच उलटं. तुम्ही अल्लाहवर खरा भरवसा टाकला असता तर त्यानं तुम्हाला पक्ष्यांसारखं पोसलं असतं, सकाळी ते रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात, अशी प्रसिद्ध हदीस आहे. चिमणीचा उपास रात्रीचा, रोजेदाराचा दिवसाचा. आणि भरवसा म्हणजे घरट्यात बसून राहणं नव्हे, पक्षी ‘निघतात’, यावर भाष्यकारांनी मुद्दाम बोट ठेवलं आहे.

भूक असते की नसते

खरी गाठ इथं आहे. कोकणात, देशावर, कुठंही घरी कोंबड्या पाळल्या असतील तर खुडूक कोंबडी पाहिली असेल. अंड्यांवर बसली की बसली. बाजूला तांदळाच्या कण्या टाका, पाणी ठेवा, ती दिवसातून एखाद्या वेळी उठते, चार दाणे टिपते आणि परत जाऊन बसते. समोर अन्न असून न खाणं! हा तर अगदी रोजाच वाटतो.

निकोलस म्रोसोव्स्की आणि डेव्हिड शेरी यांनी १९८०च्या सुमारास याच कोड्यावर काम केलं, तेही कोंबडीच्या मूळपुरुषावर, रानकोंबड्यांच्या माद्यांवर. अन्न अगदी शेजारी ठेवलं तरी माद्यांचं वजन घटतच गेलं. मग त्यांनी काही दिवस अन्न पूर्ण बंद केलं आणि पुन्हा दिलं. कोंबडीनं गमावलेलं सगळं वजन भरून काढलं नाही. या दिवशी एरवी जितकं घटलं असतं, तेवढ्यापर्यंतच ती खात राहिली आणि थांबली. म्हणजे ती भूक दाबून बसलेली नव्हती. तिच्या शरीरानं भुकेचा काटाच खाली सरकवला होता. झोपलेल्या अस्वलाचंही असंच, त्या काळात त्याला भूकच फारशी नसते.

रोजेदाराचा काटा कुणी सरकवत नाही. दुपारी चारला पोटात भूक पूर्ण असते, फ्रिजमध्ये पाणी गार असतं, घरात कुणी नसतं. नियत या शब्दाचं काम तिथं सुरू होतं. ‘रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचं फळ मीच देईन’ असं अल्लाह म्हणतो, ही हदीस याचसाठी सांगतात. नमाज दिसते, जकात दिसते, हज दिसतो. रोजा मोडला तर दुसऱ्या कुणाला कळत नाही.

मग भूक शाबूत असताना, अन्न तोंडाशी असताना, दुसऱ्यासाठी स्वतःला आवरणारा प्राणी आहे का? फिकहच्या पुस्तकांत तो अगदी अनपेक्षित जागी सापडतो, शिकारीच्या प्रकरणात. तो आहे शिकवलेला कुत्रा.

सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडलेली शिकार खायला परवानगी आहे. शब्द असे की ‘ते तुमच्यासाठी जे धरून ठेवतात’ ते खा. मूळ क्रियापद ‘अम्सक्ना’. त्याचंच भाववाचक नाम ‘इम्साक’, म्हणजे धरून ठेवणं, आवरणं. आता रमजानचं कुठलंही वेळापत्रक काढा, सेहरीच्या अखेरच्या वेळेपाशी हाच शब्द छापलेला असतो. आणि रोज्याची शास्त्रातली व्याख्याही ‘इम्साक’ या शब्दानंच सुरू होते. अदी इब्न हातिम या साथीदारानं शिकारीबद्दल विचारलं, तेव्हा प्रेषितांनी सांगितलं की कुत्र्यानं त्यातलं खाल्लं असेल तर तुम्ही खाऊ नका, कारण मग त्यानं ते स्वतःसाठी धरलं. सशाचं ऊन रक्त जिभेवर, धावून धावून भूक खवळलेली, आणि जबडा मिटत नाही. हनफी शास्त्रज्ञ तर म्हणतात की तीनदा न खाता सोडलं, तर कुत्रा शिकला असं समजा. बहिरी ससाण्याला ही अट ते घालत नाहीत. हाक मारल्यावर परत आला की तो शिकला. पक्ष्याला खाण्यावरून मार देऊन शिकवता येत नाही, हे त्यांनी ओळखलेलं होतं.

हाही रोजा नव्हे, हे उघड आहे. कुत्रा मालकासाठी आवरतो, आणि त्याला ते शिकवावं लागतं. पण अस्वल आणि पेंग्विनपेक्षा तो मला रोज्याच्या जास्त जवळचा वाटतो. ज्या जनावराच्या लाळेवरून शाफई घरांत भांडी सात वेळा धुतली जातात, त्याच्याच तोंडाशी हा शब्द जाऊन बसला आहे.

जनावराला रोजा घडवू नका

प्राणी मुकल्लफ नाहीत, याची दुसरी बाजू अशी की त्यांच्यावर उपास लादायचा हक्क कुणालाही नाही. एका बाईनं मांजर कोंडून ठेवली, तिला खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खायला मोकळंही सोडलं नाही, म्हणून ती नरकात गेली, ही हदीस बहुतेकांना माहीत असते. मदीनेतल्या एका बागेतल्या उंटाची हदीस कमी सांगितली जाते. प्रेषितांना पाहून तो उंट कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच्या कानामागे हात फिरवला आणि मालक कोण ते विचारलं. एक अन्सारी, म्हणजे मदीनेचाच, तरुण पुढे आला. त्याला ते म्हणाले, हा माझ्याकडे तक्रार करतो आहे की तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस.

यावरून कायदा घडला. जनावराला चारापाणी देणं मालकावर बंधनकारक आहे. हनफींच्या मुख्य मतानुसार ते मालक आणि अल्लाह यांच्यातलं देणं. शाफई मताप्रमाणे काजी त्यात हात घालू शकतो: चारा घाल, नाहीतर विक, नाहीतर खाण्याचं जनावर असेल तर जिबह कर, म्हणजे शास्त्राप्रमाणे काप, पण उपाशी ठेवू नकोस. १३व्या शतकातले इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम तर जनावरांचे हक्क सांगताना लिहितात की ते म्हातारं किंवा आजारी झालं, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याचा खर्च चालूच ठेवावा.

शाफई ग्रंथांत ही काळजी पार किड्यांपर्यंत जाते. पोळ्यातला सगळा मध काढू नये, माश्यांपुरता ठेवावा, आणि हिवाळ्यात अधिक ठेवावा. हे कीटकशास्त्राशी तंतोतंत जुळतं. मधमाशी हिवाळ्यात अस्वलासारखी झोपत नाही. घोळक्यानं थरथरत ऊब धरते आणि साठवलेला मध जाळून जगते. तिला उपास झेपणाराच नाही. आणि रेशमाचे किडे पाळणाऱ्यानं त्यांना तुतीचा पाला मिळवून दिलाच पाहिजे. पुढे कोष झाल्यावर ते उन्हात वाळवायला परवानगी आहे, त्यात किडा मेला तरी. पाल्यावाचून ठेवायला मात्र नाही.

जालना-बीडकडे ज्यांनी रेशीमशेती पाहिली असेल त्यांना यातली मेख कळेल. रेशीमकिडा चार वेळा कात टाकतो आणि दर वेळी जवळपास दिवसभर खाणं थांबवून, डोकं वर धरून निश्चल होतो. त्या काळात शेतकरीही पाला घालत नाही. अरबांनी पाहिला असता तर याला ‘साइम’च म्हणाले असते. शेवटची कात टाकली की मात्र किडा असा सुटतो की आयुष्यभरातल्या पाल्याचा बहुतांश हिस्सा त्या आठवड्याभरात फस्त करतो. रात्री संगोपनगृहात उभं राहिलं तर पानं कुरतडण्याचा आवाज पावसाच्या सरीसारखा येतो. तेव्हा पाल्यात कसूर करून चालत नाही, कारण पुढचं सगळं याच खाण्यावर चालायचं असतं. कोषातून जो पतंग बाहेर पडतो, त्याला खाता येत नाही. जोडीदार शोधतो, मादी काही शे अंडी घालते, आणि आठवडाभरात दोघंही संपतात.